सुईचा पत्ता का बदलला? मार्गदर्शक सूचनेतलं एक वाक्य संशोधकासारखं कसं वाचायचं

आजचा लेख दोन वाक्यांवर आहे.

पहिलं वाक्य: रुग्णाच्या छातीत दाबाखाली हवा साठली असेल, तर कॉलरबोनच्या मध्यापासून खाली एक रेषा धरा आणि दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या मधल्या जागेत सुई घाला. दुसरं वाक्य: रुग्ण प्रौढ असेल तर ती सुई काखेच्या बाजूला, चौथ्या किंवा पाचव्या बरगडीच्या खालच्या जागेत, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे घाला.

दोन्ही वाक्यं एकाच अभ्यासक्रमातली. त्याचं नाव अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट, म्हणजे एटीएलएस. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचा हा अभ्यासक्रम अपघातग्रस्तांवर उपचार करणारे डॉक्टर जगभर शिकतात. २०१२ च्या नवव्या आवृत्तीत पहिलं वाक्य होतं, २०१८ च्या दहाव्या आवृत्तीत दुसरं आलं. मधल्या काळात माणसाची छाती बदललेली नाही, हवाही तीच आहे. मग बदललं काय?

मी डॉक्टर नाही. माझं संशोधन द्रव आणि वायूंच्या प्रवाहावर आहे आणि त्याच वाटेने मी या विषयाकडे आले. त्यामुळे हा लेख सुई कशी घालावी हे शिकवण्यासाठी नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचंच, आपल्यासाठी १०८ हा नंबर पुरेसा आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय, काही जण आरआरसीसमोर मांडायची सिनॉप्सिस लिहिताय. तुम्हाला ‘अमुक संशोधनानुसार तमुक’ अशी वाक्यं रोज वाचावी लागतात आणि उद्या लिहावीही लागणार आहेत. अशा वाक्याच्या पोटात नेमकं काय असतं, हे दाखवायला या सुईइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी छातीत काय होतं ते बघू

फुप्फुस हा स्वभावाने आक्रसू पाहणारा अवयव आहे, आणि छातीचा पिंजरा बाहेरच्या बाजूला फाकू पाहणारा. दोघांच्या मध्ये दोन पातळ आवरणं आणि त्यांच्यात द्रवाचा अगदी बारीक थर. दोन्हीकडून उलट दिशांना ओढ असल्यामुळे या मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहतो. थोडा म्हणजे किती? शांतपणे श्वास सोडल्यावर साधारण ५ सेंटिमीटर पाण्याइतका. बाहेरच्या हवेचा दाब त्याच मापात सुमारे १०३३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे आपलं फुप्फुस उघडं राहतं ते जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या फरकावर.

आता तुटलेल्या बरगडीचं टोक लागून फुप्फुसाला भोक पडलं, किंवा छातीला बाहेरून जखम झाली, तर हवा या मधल्या जागेत शिरते आणि फुप्फुस आक्रसतं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. अपघात न होताही हे होऊ शकतं. आपल्याकडे क्षयरोगाने पोखरलेलं फुप्फुस फुटून असं होणं डॉक्टरांना अजिबात नवं नाही. वॉर्डात नातेवाइकांना ‘छातीत हवा झाली आहे, नळी टाकावी लागेल’ असं सांगतात ते हेच.

बहुतेक वेळा रुग्ण यात काही काळ तग धरतो. खरा धोका येतो तो भोकाचा व्हॉल्व्ह झाला की. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवा: पंपाने हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. छातीत असं झालं तर प्रत्येक श्वासागणिक थोडी हवा आत जाते आणि अडकते. दाब वाढत जातो. याचं नाव टेन्शन न्यूमोथोरॅक्स.

यात माणूस दगावतो तो फक्त एक फुप्फुस बंद पडलं म्हणून नाही. शरीरभरातून हृदयाकडे रक्त परत येतं ते फार कमी दाबावर. शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत हा भरणदाब साधारण ७ मिलिमीटर पाऱ्याइतका दिलेला असतो, म्हणजे ९-१० सेंटिमीटर पाणी. धमनीतला १२० चा आकडा आपल्याला पाठ असतो, पण परतीचा रस्ता इतका हलक्या दाबाचा आहे हे लक्षात राहत नाही. छातीतला दाब वाढला की तो आधी या परतीच्या रस्त्याला अडवतो. हृदय धडधडत राहतं, पण त्यात भरायला रक्तच येत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो पुढे कामाला येणार आहे. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल, तर हवा आत ओढण्यासाठी त्याच्या छातीतला दाब प्रत्येक श्वासात काही क्षण तरी बाहेरच्यापेक्षा कमी व्हावाच लागतो. त्यामुळे त्याची अवस्था तुलनेने सावकाश बिघडते आणि आधी ऑक्सिजन घसरतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात मात्र मशीन हवा ढकलतं. तिथे दाब सतत वाढत राहतो आणि काही मिनिटांत रक्तदाब कोसळू शकतो. पुस्तकात नाव एकच, पण चित्रं दोन.

उपचाराचं तत्त्व: वाट करून द्यायची, पण एकेरी

मे १९९५ मध्ये हाँगकाँगहून लंडनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानात एका प्रवासी स्त्रीची छाती अशीच भरत गेली. विमानतळावर येताना ती मोटारसायकलवरून पडली होती. विमानात अस्थिशल्यविशारद प्रा. अँगस वॉलेस आणि आणखी एक तरुण डॉक्टर होते. उंचावर केबिनमधला दाब जमिनीवरच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. अकरावीतला बॉइलचा नियम लावला, तर छातीत अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. थांबायला वेळ नव्हता. विमानातल्या पेटीत लघवीसाठीची नळी होती. ती मऊ, म्हणून तिला ताठपणा द्यायला कोटाच्या हँगरची तार वापरली. निर्जंतुक करायला ब्रँडी घेतली. नळीचं बाहेरचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. हवा बुडबुडे होऊन बाहेर पडली आणि ती स्त्री वाचली.

बाटलीतलं पाणी तिथे का होतं, ते समजून घ्या. छातीतली हवा पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर येऊ शकते, पण बाहेरची हवा पाणी ओलांडून आत जाऊ शकत नाही. जो एकेरी व्हॉल्व्ह रुग्णाचा जीव घेत होता, त्याला उलट्या दिशेच्या व्हॉल्व्हने उत्तर दिलं. आपल्या सरकारी रुग्णालयांत खाटेखाली बाटली ठेवून बसवलेली आयसीडी, म्हणजे छातीतली नळी, याच तत्त्वावर चालते.

पण नळी बसवायला साहित्य, वेळ आणि सराव लागतो. रस्त्यावर, रुग्णवाहिकेत किंवा रणांगणावर तो नसतो. म्हणून नळी बसेपर्यंत दाब उतरवायला सुई. साधारणपणे १४ गेजची, सलाईनसाठी वापरतात तशीच, सुईवर प्लॅस्टिकची बारीक नळी चढवलेली. सुई काढून घेतात आणि नळी आत राहते. तिची नेहमीची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर.

सगळा वाद इथून सुरू होतो.

पहिला प्रश्न: सुई पोहोचते का?

सुई उपयोगी पडायची तर ती त्वचा, चरबी आणि स्नायू पार करून त्या मधल्या जागेत जायला हवी. २००७ मध्ये हार्के आणि सहकाऱ्यांनी मृत अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाआधी काढलेल्या सीटी स्कॅनवर कॉलरबोनखालच्या जुन्या जागेतली छातीच्या भिंतीची जाडी मोजली. सरासरी आली ५.३६ सेंटिमीटर. सुई ५ सेंटिमीटरची आणि भिंत सरासरी ५.३६ ची! ८ सेंटिमीटरची सुई असती तर ९९ टक्के जणांत पोहोचली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इथे दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक, सरासरीवरून सुईची लांबी ठरत नाही. समजा, सुईची लांबी बरोब्बर सरासरीइतकी ठेवली, तर ढोबळमानाने अर्ध्या लोकांत ती कमी पडेल. इथे महत्त्वाचं आहे ते वितरणाचं टोक, म्हणजे सर्वांत जाड भिंत असलेली माणसं. तुमच्या विषयात पूल असेल, औषधाची मात्रा असेल किंवा वर्गातल्या बाकाची उंची असेल, ‘सरासरी किती’ हा प्रश्न बरेचदा चुकीचा प्रश्न असतो. दोन, हे सैनिक होते. व्यायामाने छातीचे स्नायू भरलेली, बहुतांशी तरुण माणसं. हा आकडा उचलून सोलापूरच्या साठीतल्या क्षयरुग्णाला लावता येईल का? आकडा खोटा नाही, पण तो कोणाचा आहे हे त्याच्यासोबत लिहावंच लागतं.

दुसरा प्रश्न: दुसरी जागा बरी पडेल का?

लांब सुई हा एक उपाय झाला. दुसरा उपाय म्हणजे जिथे भिंत पातळ आहे तिथे जाणं. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या इनाबा आणि सहकाऱ्यांनी २० मृतदेहांवर दोन्ही जागांची तुलना केली. प्रत्येक देहात दोन्ही बाजूंना, दोन्ही जागी ५ सेंटिमीटरची सुई. काखेच्या मध्यरेषेवर, पाचव्या बरगडीखाली ४० पैकी ४० सुया पोहोचल्या. कॉलरबोनखाली ४० पैकी २३, म्हणजे ५७.५ टक्के.

आकडे ठळक आहेत. रचनाही चांगली आहे: तुलना एकाच देहातल्या दोन जागांची असल्यामुळे ‘हा जाड, तो बारीक’ हा फरक आपोआप बाजूला पडतो. पण संशोधक म्हणून तुम्ही विचारायला हवं की ४० ही निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? एकाच माणसाची डावी आणि उजवी छाती सारखीच जाड असणार. म्हणजे माहिती ४० माणसांची नाही, २० माणसांची आहे. तुमच्या प्रबंधात एका गावातल्या १० शेतांचे नमुने किंवा एका वर्गातली ६० मुलं आली की हाच प्रश्न उभा राहील. व्हायव्हात तो हमखास विचारतात.

पुढच्याच वर्षी याच गटाने जिवंत रुग्णांच्या सीटी स्कॅनवर अभ्यास केला. १२० रुग्ण, वजन-उंचीच्या गुणोत्तरानुसार चार गटांत सारखे विभागलेले. ५ सेंटिमीटरची सुई कॉलरबोनखाली ४२.५ टक्के जणांत कमी पडेल आणि काखेच्या बाजूला १६.७ टक्के जणांत, असा अंदाज निघाला.

थांबा. आधीच्या अभ्यासात काखेच्या बाजूचं अपयश शून्य होतं. इथे ते जवळपास १७ टक्के कसं?

अशा वेळी ‘दोन अभ्यासांत मतभेद आहेत’ असं एक वाक्य लिहून पुढे सरकणारे लिटरेचर रिव्ह्यू मी पुष्कळ वाचलेत. ते वाक्य लिहू नका. फरक कुठून आला असेल ते शोधा. पहिल्या अभ्यासात जागा काखेच्या मध्यरेषेवर होती, दुसऱ्यात काखेच्या पुढच्या रेषेवर. पहिल्यात सुई खरोखर घातली होती. घालताना दाब पडतो आणि मऊ भाग दबतो. दुसऱ्यात पडद्यावर फक्त अंतर मोजलं होतं. शिवाय नमुना वेगळा, शरीरयष्टी वेगळी. दोन्ही अभ्यासांत ‘अपयश’ हा शब्द एकच आहे, पण एकात सुई थांबली आणि दुसऱ्यात रेषा लांब निघाली. या दोन गोष्टी एक नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. छातीचा सीटी स्कॅन काढताना शक्यतो रुग्णाचे हात डोक्यावर घ्यायला सांगतात. अपघातात पडलेल्या माणसाचे हात मात्र अंगालगत असतात. हात वर केला की काखेजवळचे स्नायू आणि चरबी सरकते. स्वतःच्या काखेखाली बोटं ठेवून हात वर-खाली करून बघा, लगेच कळेल. म्हणजे मोजमाप अचूक असूनही ते भलत्याच स्थितीतल्या शरीराचं असू शकतं.

२०१६ मध्ये अशा अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. लान आणि सहकाऱ्यांच्या त्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये अपेक्षित अपयश कॉलरबोनखाली ३८ टक्के, काखेच्या मध्यरेषेवर ३१ टक्के आणि काखेच्या पुढच्या रेषेवर १३ टक्के आलं. एटीएलएसचं वाक्य प्रौढांसाठी बदललं ते अशा पुराव्याच्या पार्श्वभूमीवर. लहान मुलांसाठी जुनी जागाच ठेवली, कारण वरचा पुरावा प्रौढांच्या जाड छातीचा आहे. ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांच्यापुरताच निष्कर्ष ताणायचा, ही शिस्त इथे पाळलेली दिसते.

तिसरा प्रश्न: जागा माहीत असणं आणि जागा सापडणं

पुस्तकातली जागा आणि डॉक्टरच्या बोटाखालची जागा एकच असते का? २००५ मध्ये फेरी आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला अगदी साधा प्रयोग केला. आपत्कालीन विभागातल्या २५ डॉक्टरांना आधी विचारलं, सुई कुठे घालायची? २२ जणांनी बरोबर सांगितलं. मग जिवंत स्वयंसेवकाच्या छातीवर बोट ठेवून दाखवायला सांगितलं. दुसऱ्या बरगडीखालची जागा बरोबर दाखवली १५ जणांनी.

या प्रयोगाला सीटी स्कॅन नको, मोठं अनुदान नको. एक स्वयंसेवक, एक पेन आणि एक नेमका प्रश्न. ‘आमच्या कॉलेजात उपकरणं नाहीत’ ही आपली अडचण खरीच असते, पण अशा प्रयोगांकडे बघितलं की कळतं की उपकरणाआधी प्रश्न धारदार करावा लागतो.

चौथा प्रश्न: मुळात आजार होता का?

२०१० मध्ये ब्लायवास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात पोहोचण्याआधीच ज्यांच्या छातीत संशयावरून सुई घातली होती अशा ५७ रुग्णांची त्यांनी आल्या आल्या सोनोग्राफी तपासली. १५ जणांत, म्हणजे २६ टक्के रुग्णांत, छातीत हवा नव्हतीच, आणि नंतरच्या सीटी स्कॅननेही तेच दाखवलं. याचा अर्थ दुहेरी आहे. त्यांना हा आजार नव्हता. आणि सुईही आतपर्यंत पोहोचली नव्हती, कारण पोहोचली असती तर तिनेच थोडी हवा आत सोडली असती.

आता समजा, यातल्या एखाद्या रुग्णाला सुईनंतर बरं वाटलं. रुग्णवाहिकेच्या नोंदीत काय लिहिलं जाईल? ‘सुईने आराम पडला.’ त्या नोंदी गोळा करून कोणी यशाची टक्केवारी काढली, तर ज्यांना आजारच नव्हता ते ‘यशस्वी’ म्हणून मोजले जातील. टक्केवारी दिसली की आधी छेदाकडे बघा. खाली कोण कोण उभं आहे, ते त्या यादीत आले कसे, आणि कोण यायचं राहिलं? रस्त्यातच दगावलेला रुग्ण अशा यादीत नसतोच.

मघाचा बारकावा इथे जोडून घ्या. स्वतः श्वास घेणारा आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण यांची लक्षणं वेगळी असतात. पुस्तकातलं ‘श्वासनलिका एका बाजूला सरकते’ हे लक्षण उशिरा येतं आणि कित्येकदा दिसतही नाही. मग निदान चुकणार, कधी जास्तीचं तर कधी कमी.

पाचवा प्रश्न: पोहोचली, पण टिकली का?

आता माझ्या गल्लीतला प्रश्न. बारीक नळीतून संथपणे जाणाऱ्या प्रवाहाचा पॉइझीचा नियम सांगतो की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे नळी दुप्पट लांब केली तर प्रवाह निम्मा होतो, पण त्रिज्या थोडी वाढवली तरी तो कितीतरी वाढतो. छातीतून सुटणारी हवा या नियमाच्या आदर्श अटी पाळेलच असं नाही, पण दिशा कळायला तो पुरतो. त्यात प्लॅस्टिकची नळी मऊ. बरगड्यांच्या मध्ये ती दुमडते, रक्ताच्या गुठळीने बंद पडते, रुग्णाला हलवताना निसटते. डुकरांवरच्या प्रयोगांत अशी अपयशं प्रत्यक्ष दिसली आहेत.

आणि लांब सुईची किंमतही आहे. डाव्या बाजूला हृदय फार दूर नसतं. जी सुई जाड छातीत जेमतेम पोहोचते, तीच किडकिडीत माणसात गरजेपेक्षा खोल जाऊ शकते. म्हणजे एका टोकाचा धोका कमी केला की दुसऱ्या टोकाचा वाढतो. एकाच लांबीने दोन्ही टोकं सांभाळता येत नाहीत.

अमेरिकन लष्कराच्या रणांगणावरच्या उपचारांच्या सूचनांनी २०१८ मध्ये वेगळा तोल साधला: सुई ३.२५ इंची, म्हणजे सुमारे सव्वाआठ सेंटिमीटरची. १४ गेज किंवा त्याहून जाड १० गेज. आणि जागा दोन्ही चालतील, कॉलरबोनखालची किंवा काखेपुढची. पुरावा जवळपास तोच, उत्तर मात्र थोडं वेगळं. कारण सूचना ज्याच्या हाती पडणार तो माणूस वेगळा, जखमी वेगळा, परिस्थिती वेगळी. एटीएलएसच्या दहाव्या आवृत्तीनेही ५ सेंटिमीटरची नळी निम्म्याहून अधिक वेळा आणि ८ ची ९० टक्क्यांहून अधिक वेळा पोहोचते असं मोकळेपणाने सांगितलं आहे, आणि सुईने भागलं नाही तर छेद घेऊन बोटाने वाट मोकळी करायची तयारी ठेवायला सांगितली आहे.

मग थेट प्रयोग का करत नाहीत?

निम्म्या रुग्णांना जुन्या जागी, निम्म्यांना नव्या जागी सुई घाला आणि किती वाचले ते मोजा, असं तुम्हाला वाटेल. अडचणी बघा. हा आजार रोज दिसत नाही. दिसतो तेव्हा हातात मिनिटं असतात, त्यात संमतीपत्र कोण भरणार? रुग्ण बेशुद्ध असू शकतो. त्याला इतरही दुखापती असतात, त्यामुळे तो वाचला की गेला याचं श्रेय किंवा दोष एका सुईला देणं कठीण. मोठा नमुना जमवायचा तर कितीतरी रुग्णालयं आणि वर्षं लागतील.

म्हणून या वाक्यामागे मृतदेह आहेत, सीटी स्कॅन आहेत, डुकरं आहेत, बोट ठेवून दाखवणारे डॉक्टर आहेत. प्रत्येक अभ्यास साखळीची एक कडी तपासतो: निदान बरोबर आहे का, जागा सापडते का, सुई पोहोचते का, नळी टिकते का, हवा पुरेशी सुटते का. वर सांगितलेल्या अभ्यासांपैकी एकानेही ‘जागा बदलल्याने जास्त माणसं वाचली का’ हे थेट मोजलेलं नाही. ते या कड्या जोडून आपण अनुमानाने म्हणतो. अनुमान चांगलं असू शकतं, इथे ते आहेही. पण ते अनुमान आहे हे माहीत असणारा माणूस पुढचा प्रश्न विचारू शकतो. ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचत नाही.

आता तुमचं काम

तुमच्या विषयातलं सर्वमान्य असं एक वाक्य निवडा. खताची शिफारस असेल, पाण्यातल्या एखाद्या क्षाराची मर्यादा असेल, शिकवण्याची एखादी पद्धत असेल. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात ते वाक्य खरं असायला कोणकोणत्या कड्या जुळायला हव्यात ते लिहा. दुसऱ्यात प्रत्येक कडीसमोर कोणी, कोणावर, नेमकं काय मोजलं ते लिहा. निष्कर्ष नको, मोजमाप लिहा. तिसऱ्यात ते मोजमाप खऱ्या परिस्थितीपासून किती दूर आहे ते लिहा: हात वर होते की खाली, नमुना सैनिकांचा होता की शेतमजुरांचा. चौथा रकाना रिकामा ठेवा. पहिले तीन भरता भरता जी कडी सर्वांत कच्ची दिसेल ती तिथे लिहा. तुमच्या प्रबंधाचा विषय तिथे असण्याची शक्यता बरीच आहे.

सुईचंच उदाहरण घेऊन बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात छातीचे सीटी स्कॅन रोज निघतात. नीतिविषयक समितीची परवानगी घेऊन, ओळख पुसून, त्यावर दोन्ही जागांची जाडी मोजता येईल. पण मघाचा हातांचा प्रश्न आठवा. स्कॅन हात वर घेऊन काढलेले असतील, तर आधी काही स्वयंसेवकांवर सोनोग्राफीने हात वर आणि हात खाली असा फरक मोजावा लागेल. बघा, एका ओळीच्या शंकेतून अभ्यासाचे दोन टप्पे तयार झाले, आणि दोन्ही आवाक्यातले आहेत.

पुढच्या आवृत्तीत हे वाक्य पुन्हा बदलू शकतं. तसं झालं तर ‘डॉक्टर लोक दरवेळी वेगळंच सांगतात’ म्हणून हसू नका. कुठली कडी कोणी नव्याने तपासली, ते शोधा. तुमच्या वाक्याचे चार रकाने भरून झाले की खाली कमेंटमध्ये लिहा. विषय कुठलाही चालेल, कच्ची कडी मिळून शोधू.